सिगरेट सोडायला 'माझं' कारण सापडत नाहीये

मधली_सुट्टी | २ जून, रात्री ११:५०

वय ३८. एकोणीस वर्षं ओढतोय, दिवसाला अकरा-बारा. पुण्यात नोकरी. घरी बायको, आई आणि पाच वर्षांची मुलगी.

हात जोडून विनंती, सिगरेटचे तोटे कुणी सांगू नका. सगळे पाठ आहेत. पाकिटावरचं चित्र रोज बघतो. माझे सख्खे काका घशाच्या कॅन्सरने गेले. शेवटचे दोन महिने रात्री त्यांच्याजवळ मीच झोपायचो, आणि त्याच दोन महिन्यांत माझ्या सिगरेटी वाढल्या.

माझा प्रश्न वेगळा आहे. जो तो म्हणतो, "तुझं स्वतःचं कारण शोध, मग आपोआप सुटेल." मी शोधतोय. मुलगी झाली तेव्हा वाटलं, हेच ते. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा रडलो, मनाशी शपथ घेतली, आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर पेटवून उभा होतो. अजूनही रात्री तिला गोष्ट सांगता सांगता मध्येच उठून गच्चीत जातो. परत येईपर्यंत ती झोपलेली असते.

पोटच्या मुलीपेक्षा मोठं कारण कुठून आणू? तेही पुरलं नाही, तर आता काय पुरणार? ज्यांची सुटली त्यांनी सांगा, तुमचं कारण काय होतं? खरं असेल ते सांगा, भाषणातलं नको.

अंगणवेल | ३ जून, सकाळी ७:१०

मुलीवरचं प्रेम कमी पडलं असा अर्थ कृपा करून काढू नका. माझे वडील आमच्यावर जीव टाकायचे आणि विडीही ओढायचे. दोन्ही खरं होतं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, मलाही घरातल्या एका माणसासाठी हे हवंय.

देवगडचो_झील | ३ जून, सकाळी ९:३२

माझं कारण ऐकून हसाल, पण खरं तेच सांगतो.

आमची हापूसची कलमं आहेत. आंबा उतरवला की पेंढ्यात अढी लावतो. अढीतला कुठला थर तयार झाला हे डोळ्यांनी नाही कळत, खोलीचं दार उघडलं की वासाने कळतं. माझे वडील दारातूनच सांगायचे, "उजव्या कोपऱ्यातलो काढ, उद्या उशीर होतलो." लहानपणी मलाही कळायचं.

२०१४ च्या हंगामात वडील आजारी होते, अढी माझ्याकडे आली. दार उघडलं आणि मला काहीच कळेना. आंबा आहे एवढं कळत होतं, पण कच्चा कुठला, तयार कुठला, बाठीजवळ बिघडलेला कुठला, काही नाही. शेवटी एकेक हातात घेऊन दाबून बघत बसलो. अढी अशी कुणी बघत नाही, त्याने फळ मार खातं. त्या वर्षी चार पेट्या सडल्या. चार पेट्यांचं काही नाही, पण वडिलांनी अंथरुणातून विचारलं, "वास येणा नाय काय रे तुका?" आणि मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षांच्या सिगरेटने नाक मारलं होतं.

छातीचं, हृदयाचं सगळं माहीत होतं, त्याने काही झालं नाही. माझ्या घराण्याची विद्या माझ्या नाकातून गेली, हे मात्र सहन झालं नाही. आंबे संपले, मृग लागला आणि सोडली. नाक दोन-तीन महिन्यांत बरंच परत आलं. पहिल्यांदा जाणवलं ते गोठ्याच्या वासाने, पण त्या दिवशी तोही गोड लागला.

निवांत_पाटील | ३ जून, सकाळी ११:०५

आमचे आजोबा रोज दोन बंडल विडी ओढून ८८ वर्षं जगले. शेवटपर्यंत रानात जायचे. तुम्ही लोक फार घाबरवता बुवा. मनाला पटत नसेल तर उगाच सोडायची कशाला?

डॉ_कडुनिंब | ३ जून, दुपारी २:२०

पाटीलसाहेब, आजोबांना नमस्कार. पण त्यांच्याबरोबर विडी ओढणारे त्यांचे सोबती किती वर्षांचे होऊन गेले, तेही एकदा आठवा. जो राहिला तो आपल्याला दिसतो.

१९५१ साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी थेट डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता. ३४ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांचा पुढे ५० वर्षं माग ठेवला. २००४ साली त्याचा हिशोब आला: कायम ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. आणि मला जो भाग रुग्णांना सांगायला आवडतो तो असा, की साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली ३ वर्षं वाचवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीला सोडणाऱ्यांनी ९. मधली_सुट्टी, तुम्ही ३८ चे आहात.

तोटे सांगू नका म्हणालात, म्हणून हे फक्त पाटलांसाठी. तुम्हाला एकच विचारतो. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?

मधली_सुट्टी | ३ जून, दुपारी ४:४५

चहाच्या आधी. दहा मिनिटांत.

झील, हसलो अजिबात नाही. दोनदा वाचलं.

डॉ_कडुनिंब | ३ जून, रात्री ९:१५

मग ऐका. ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागते, त्याचं शरीर निकोटीनला चांगलंच बांधलेलं असतं. ओढल्यावर १०-२० सेकंदांत ते मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं. झोपेत सात तास काही मिळालेलं नसतं, म्हणून सकाळी जीव जातो. तुमच्या अकरा-बारा सिगरेटी दिवसाच्या तासांत वाटून बघा, दीड तासाला एक पडेल. हे गणित तुम्ही ठरवलेलं नाही, रक्ताने ठरवलंय.

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर उभं राहिलात ते तिसऱ्या दिवशी. सोडल्यावर तलफ, चिडचिड आणि बेचैनी सगळ्यात जास्त असते ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तुमची शपथ खोटी नव्हती हो. तुम्ही सगळ्यात कठीण दिवशी हातात काहीही नसताना एकटे उभे होता. प्रेमाने तहान भागत नाही तसंच हे आहे. पुढच्या वेळी हातात काहीतरी असू द्या: निकोटीनचा गम, गरज पडली तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, आणि फोनवर बोलायला एक माणूस.

रोखठोक_राव | ३ जून, रात्री १०:०२

गम, गोळ्या, सगळ्या पळवाटा. मी २००८ साली एका रात्रीत सोडली. २ ऑक्टोबरला सार्वजनिक ठिकाणची बंदी लागू झाली होती. त्याच महिन्यात स्टेशनबाहेर मला पकडलं, २०० रुपयांची पावती फाडली. मुलगा आठवीत होता, शेजारी उभा. त्याने मान फिरवून भलतीकडेच बघायला सुरुवात केली. घरी आलो, पाकीट चुलीत टाकलं. संपला विषय.

माणसाला लाज वाटली पाहिजे, एवढंच औषध. आणि हे बनवणाऱ्या-विकणाऱ्या सगळ्यांना तुरुंगात टाका.

वऱ्हाडी_ठेचा | ३ जून, रात्री १०:४०

राजेहो, सिगरेटवाले इथं लय दिसून राह्यले, खर्रावाल्यांनाही बसू द्या जरा.

मी नागपूरचा. बारा वर्षं खर्रा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात. २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हा आमच्याकडे काही फरकच पडला नाही, पानठेल्यावर खर्रा घोटला जातच होता.

माझं कारण पाणीपुरी. खरंच सांगतो. बहिणीच्या मुलांना घेऊन गेलो, पहिली पुरी उचलली आणि ती तोंडात जाईना. बाहेरच फुटली, पाणी शर्टावर. पोरं हसली, मलाही वाटलं पुरी मोठी आहे. दुसरीही गेली नाही. घरी आरशापुढे तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाह्यली. दोनच गेली. डेंटिस्टने सांगितलं, गालाच्या आतली कातडी कडक होत चालली आहे, सुपारीने होते, आणि पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो. सोडून सहा वर्षं झाली. तोंड फार उघडत नाही, पण आणखी बंदही झालं नाही.

ज्यांच्या घरी कुणी खर्रा, मावा, गुटखा खातो त्यांनी आज रात्री तीन बोटांचं हे करून पाहायला सांगा. पैसा लागत नाही.

डॉ_कडुनिंब | ३ जून, रात्री ११:०८

ठेचा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपण गप्पा सिगरेटच्या मारतो, आणि मशेरी, मळलेला तंबाखू, खर्रा घराघरात बसलेला असतो.

रोखठोक, तुमची एका झटक्यात सुटली याचा आनंदच आहे. तशी सुटणारे पुष्कळ असतात. पण नुसत्या निर्धारावर एका प्रयत्नात यश येणारे थोडे, आणि औषध व बोलणं यांची जोड दिली की ते वाढतात, हे अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलंय. आणि लाजेचं म्हणाल, तर माझ्याकडे येणारे बरेच जण लाजेपायीच उशिरा येतात.

सोलापूरची_लेक | ४ जून, सकाळी ६:२५

रोखठोककाका, तुरुंगात टाकायचंच तर माझ्या आईपासून सुरुवात करावी लागेल.

आई सोलापूरच्या पूर्व भागात घरी बसून विड्या वळायची, दिवसाला हजार. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, मी शाळेतून आले की साच्यावर धरून कात्रीने कापायचे, ती तंबाखू भरून वळायची, सुताने बांधायची. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथे मोजणारा वाईट म्हणून मूठभर बाजूला काढायचा, त्याचे पैसे नाहीत. माझी दहावीपर्यंतची वह्या-पुस्तकं त्या विड्यांतून आली. आज कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची १०,००० घरं आहेत, ती या हातांची आहेत. आईने आयुष्यात एक विडी ओढली नाही, पण तंबाखूच्या धुळीने तिचा खोकला कधी थांबला नाही.

मग एक दिवस धाकट्या भावाच्या खिशात विडी सापडली. गाठ बघूनच आईने ओळखली, तिचीच होती. ती त्या दिवशी जेवली नाही आणि बोललीही नाही. भावाने लगेच सोडली असं नाही. दोन वर्षं लागली, मध्ये तीनदा परत सुरू झाली. पण सोडली तेव्हा म्हणाला, "प्रत्येक वेळी पेटवताना आधी गाठ दिसायची."

ज्यांना सोडायची आहे त्यांनी जरूर सोडा, देव बळ देवो. फक्त वळणाऱ्या बायकांना दुसरं काम काय, हेही कुणीतरी बोला.

रोखठोक_राव | ४ जून, सकाळी ८:००

बेटा, चुकलं माझं. मी मालकांबद्दल म्हणत होतो, पण लिहिताना तसं लिहिलं नाही. आईंना नमस्कार सांग.

टाळकरी | ४ जून, दुपारी १२:५०

साताऱ्याजवळचा आहे. घरात वारी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. मांस नाही, दारू नाही. सिगरेट मात्र होती. माळेच्या नियमात तिचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून मीही काढलं नाही.

तरुणपणी आईने एकच मागितलं होतं, एकादशीला ओढू नको. ते मी पाळलं. वीस वर्षं, महिन्यातून दोनदा, दिवसभर एकही नाही. आणि गंमत अशी की त्या दिवशी फारशी तलफच यायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उपवास सोडायच्या आधी हात खिशात जायचा.

एका वर्षी पालखीबरोबर पुण्याहून सासवडला निघालो. दिवे घाटाचा दिवस एकादशीचा असतो. घाट चढताना धाप लागली म्हणून कडेला थांबलो होतो, आणि डोक्यात एकदम आलं: आज सकाळपासून एकदाही 'ओढू का नको' असं मनात आलेलं नाही. इतर दिवशी हाच प्रश्न शंभरदा येतो आणि शंभरातल्या पंधरा वेळा मी हरतो. एकादशीला मी जास्त खंबीर नसतो. एकादशीला प्रश्नच बंद असतो.

सासवडला पोचल्यावर ठरवलं, उद्याही एकादशीच. पंढरपूरपर्यंत रोज सकाळी तेच म्हणालो. चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं फार दुखलं, दिंडीतल्या एकावर विनाकारण ओरडलो, संध्याकाळी त्याचे पाय धरले. या आषाढीला नऊ वर्षं होतील.

म्हणून मधली_सुट्टी, मला वाटतं तुम्ही कारण शोधता आहात तेच चुकतंय. कारण मोठं असलं तरी ते दर वेळी त्या प्रश्नाशी भांडतच बसतं. प्रश्न बंद करा.

अंगणवेल | ४ जून, दुपारी १:३०

टाळकरीदादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या शेजारचे चाचा रोजे धरतात तेव्हा दिवसभर एकही विडी ओढत नाहीत आणि संध्याकाळी खजुरानंतर आधी विडी. मी नेहमी विचार करायचे, दिवसभर जमतं कसं?

निनावी_ती | ५ जून, रात्री १२:१५

हे मी दुसऱ्या नावाने लिहितेय. नऊ वर्षं ओढली आणि सोडून तीन झाली. मुंबईत, ऑफिसच्या मागच्या गल्लीत, मैत्रिणींबरोबर. घरात कुणालाही माहीत नाही, आजही नाही.

पुरुषांनी टपरीवर पेटवली तर लोक फार तर "सोड रे" म्हणतात. आमचं तसं नसतं. पर्समध्ये वेलची, बडीशेप, छोटी सेंटची बाटली, ओढणी तोंडाशी धरून रिक्षा, घरी आल्या आल्या आंघोळ. सासूबाई म्हणायच्या, "किती स्वच्छतेची आवड आहे हिला." मी गप्प.

पस्तिशीनंतर पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरकडे गेले. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या लिहिताना विचारलं, "धूम्रपान?" मी तोंडभरून "नाही" म्हटलं. त्या गोळ्या आणि सिगरेट एकत्र आल्या तर पस्तिशीनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे मला घरी आल्यावर कागद वाचून कळलं. म्हणजे मी माझ्याच डॉक्टरला खोटं सांगून माझाच जीव पणाला लावला होता. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले आणि खरं सांगितलं. त्या बाईंनी भुवईसुद्धा उचलली नाही. गोळी बदलली आणि विचारलं, "सोडायची आहे का? मदत करते."

सिगरेटचा कंटाळा मला कधीच आला नाही. मला खोटं बोलण्याचा कंटाळा आला. तुमचं कारण प्रेमातूनच यायला हवं असं नाही.

मधली_सुट्टी | ५ जून, रात्री ११:२०

सगळं वाचतोय. उत्तर द्यायला शब्द जुळत नव्हते.

आज पाकिटावरच्या १८००-११-२३५६ या नंबरवर फोन केला. इतकी वर्षं तो नंबर चित्राखाली बघत होतो. एक बाई मराठीत बोलल्या, शांतपणे. कारण काय असं त्यांनी विचारलंच नाही. कोणत्या तारखेला सोडायची, एवढंच विचारलं. मी घाबरून १६ जून म्हटलं.

पुन्हा_शून्य | ६ जून, पहाटे ५:४०

तारीख ठरली, अभिनंदन. आता माझं ऐका, कारण तारखेनंतरचं कुणी लिहिलेलं नाही.

चार वर्षं दोन महिने सुटली होती. वडील गेले. अग्नी देऊन स्मशानाबाहेर आलो, पाय लटपटत होते. मावसभावाने पाठीवर हात ठेवला आणि स्वतः ओढत होता ती पुढे केली. त्याच्या मनात मायाच होती. एक झुरका घेतला. चव घाण लागली, खोकला आला. मनात म्हटलं, बघ, आता आपल्याला आवडतही नाही, म्हणजे भीती नाही. तेराव्यापर्यंत दिवसाला एक. मासिक घातलं तेव्हा पाकीट.

त्यानंतर दीड वर्ष मी स्वतःला माफ केलं नाही, आणि ते माफ न करणं हेच ओढायचं निमित्त झालं. परत सोडली ती बहिणीमुळे. ती म्हणाली, "दादा, चार वर्षं तू ओढली नाहीस ती कुठे गेली नाहीत." आज ४११ वा दिवस.

एकसुद्धा नाही. 'एकाने काय होतं' हे वाक्य आमच्यासारख्यांसाठी नाही. तुमच्या आयुष्यातले असे दिवस आधीच ओळखून ठेवा: लग्न, मयत, अप्रेझल, भांडण. त्या दिवशी कुणाला फोन करायचा ते नाव लिहून ठेवा.

डॉ_कडुनिंब | ६ जून, सकाळी १०:३०

पुन्हा_शून्य, तुमचं नाव बदला. ४११ म्हणजे शून्य नव्हे.

'दिवसाला एक-दोनच' म्हणणाऱ्यांसाठी: रोज एक ओढणाऱ्याचा हृदयाचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या विसावा भाग नसतो, तो जवळपास निम्म्याइतका असतो. २०१८ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब केला तेव्हा हे दिसलं. कमी करणं ही पायरी ठीक, पण तिथे मुक्काम नको.

मधली_सुट्टी, १६ तारखेच्या आधी काही कामाच्या गोष्टी. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर गम ४ मिलिग्रॅमचा लागतो, २ चा पुरत नाही. डॉक्टरांना दाखवूनच घ्या. तो चघळत राहायचा नसतो. तिखटसर चुरचुर जाणवली की गालाच्या आत दाबून ठेवायचा, चुरचुर गेली की परत दोन-चारदा चावायचा. चहावर घेतला तर शोषला जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. आणि चहा-कॉफी निम्मी करा. धुरामुळे शरीर कॅफीन लवकर मोडतं. सिगरेट बंद झाली की तोच कप जड जातो. झोप उडते, छाती धडधडते, आणि माणसाला वाटतं हे सिगरेट सोडल्यामुळेच.

अंगणवेल | ६ जून, दुपारी ३:१५

एक सुचवू? तुम्ही सोडायचं कारण शोधताय. ओढायची कारणं एकदा लिहून काढा ना. दिवसभरातली प्रत्येक, कधी आणि कशासाठी. यजमानांना हेच करायला सांगितलंय, ते अजून लिहीत नाहीत ही गोष्ट वेगळी.

मधली_सुट्टी | ८ जून, रात्री १०:०५

लिहिली. दोन दिवस खिशात कागद ठेवला. आजच्या अकरा:

सकाळची पहिली, तलफ. ऑफिसला जाताना, सवय. साडेअकराची, मित्राशी बोलायला. आम्ही दोघं दहा वर्षं फक्त तिथेच बोलतो, एकमेकांच्या घरी कधी गेलेलो नाही. मीटिंगनंतर दोन, राग. जेवणावर एक, तलफ. चारची, झोप. साडेपाचची परत मित्र. गाडी काढायच्या आधी एक: घरी जाण्यापूर्वी पाच मिनिटं कुणाचाच नसावं म्हणून. जेवणानंतर तलफ. आणि शेवटची ती गोष्ट सांगताना.

तलफ म्हणावी अशा तीनच निघाल्या. बाकीच्यांसाठी सिगरेट लागतच नाही, दुसरं काहीतरी लागतं. मित्राला आज सांगितलं, १६ पासून टपरीवर येणार नाही, पण साडेअकराला मला भेट, आपण मागच्या रस्त्याने चक्कर मारू. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटलं, तू मलाच सोडतोयस."

वऱ्हाडी_ठेचा | ८ जून, रात्री १०:३०

काय मित्र आहे बाप्पा. त्यालाही ओढून आणा इकडे.

तोंडात टाकायला बडीशेप, ओवा, लवंग, ज्येष्ठमध. सुपारी नको म्हणजे नको, गोड सुपारीही नको. एक सोडून दुसरीत पडणारे मी लय पाह्यले.

देवगडचो_झील | ९ जून, सकाळी ८:१०

पुढच्या एप्रिलात सुट्टी काढून ये. अढीच्या खोलीत तुका बसवतो. वास ओळखलास तर पेटी फुकट!

निवांत_पाटील | १३ जून, संध्याकाळी ७:००

आजोबांचे सोबती आठवले. सात जण पारावर बसायचे. बाकीचे सहा साठी-पासष्टीच्या आत गेले, त्यातल्या एकाचा आधी पाय कापला होता. इतकी वर्षं हे डोक्यातच आलं नव्हतं. घरी दोन भाऊ ओढतात, त्यांना हा धागा पाठवलाय.

अंगणवेल | १९ जून, सकाळी ९:००

मधली_सुट्टी, १६ तारीख होऊन गेली. कसे आहात? काहीही झालं असलं तरी लिहा.

मधली_सुट्टी | १९ जून, सकाळी ११:४०

चौथा दिवस. काल फार वाईट गेला. बायकोवर भाजीत मीठ कमी म्हणून ओरडलो, मीठ बरोबर होतं. टाळकरीदादांसारखे पाय धरले नाहीत, पण माफी मागितली. आज सकाळपासून 'आज एकादशी' म्हणतोय. आत्ता मित्राबरोबर चक्कर मारून आलो. तो ओढत होता, पण चार पावलं पुढे चालत, वारा माझ्याकडे येणार नाही अशा बाजूने.

मधली_सुट्टी | ३० जून, रात्री १०:५५

पंधरावा दिवस. एकही नाही.

तोंड आलंय, पोट साफ होत नाही, दोन किलो वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच. चहा निम्मा केल्यापासून झोप बरी आहे.

एक सांगायचं होतं. मुलीला मी महिन्या-दीड महिन्यापासून भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट सांगतोय, तिला तीच हवी असते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत कोल्हा भेटतो, वाघ भेटतो, मग ती लेकीच्या घरी पोचते, तूप-रोटी खाते. साधारण तिथे मी गच्चीत जायचो.

१६ तारखेला रात्री उठलो नाही, सांगत राहिलो. म्हातारी भोपळ्यात बसून परत निघाली तशी ही अंथरुणात उठून बसली. तिला ते माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, म्हातारी अजून लेकीकडेच आहे. मला म्हणाली, "बाबा, मग ती घरी पोचली?"

तेव्हापासून रोज आधीच्या गोष्टींचे शेवट विचारते. मला वाटलं होतं चार-पाच असतील. काल मोजल्या, तेवीस निघाल्या.

सोलापूरची_लेक | ३० जून, रात्री ११:१०

आता दिवसाला किती होतात?

मधली_सुट्टी | ३० जून, रात्री ११:१२

एकच. दुसरी सुरू केली की मलाच झोप लागते.